मुलाखत

तुरुंगाच्या भाषेत भेटीला मुलाखत म्हणतात. पेपरात मोठ्या माणसांची छापून येते ती मुलाखत वेगळी. ही जाळीतून होते, शिपाई कान लावून उभा असतो, आणि बोलायचं ते आठवेपर्यंत वेळ संपलेली असते.

दोस्तांनो, आपल्या सातारा-सांगलीकडं तुरुंगाचा इतिहास म्हटला की उड्या आठवतात. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. गणेशदुर्गाच्या तटावरून उड्या, खाली खंदक, मागनं गोळ्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे त्यात गेले. दादा गोळी लागून जखमी झाले. पुढच्याच वर्षी, १९४४ ला, नागनाथअण्णा नायकवडी साताऱ्याच्या तुरुंगातून पळाले. हा इतिहास खरा आहे. त्याला माझा सलाम आहे. या जिल्ह्यांतल्या शाळांतून तो सांगितला जातो, पुतळे आहेत, जयंत्या-मयंत्या होतात.

पण मला वेगळंच विचारायचं आहे. ज्यांनी उडी मारली नाही, ज्यांना मारायची नव्हती, जे शिक्षा भोगून दारातनं बाहेर आले, त्यांना भेटायला कोण येत होतं? ती बाई किती कोस चालून आली होती? गेटावर तिला काय विचारलं गेलं? हे कुठल्याच जयंतीला कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो. मी इतिहासकार नाही. पण मी आईच्या कडेवर बसून मुलाखतीला गेलोय, आणि पुढं जाळीच्या आतल्या बाजूलाही उभा राहिलोय. तेवढा अधिकार मला पुरे.

*

एक मुलाखत मात्र लोकांना ठाऊक आहे. ती हौसाताई पाटलांची. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही लेक. १९४४ साली पत्री सरकारचा एक साथी, बाळ जोशी, गोव्यात हत्यारं आणताना पोर्तुगीज पोलिसांच्या हाती लागला. पणजीच्या तुरुंगात होता. फाशी ठरलेलीच. जी. डी. बापू लाडांनी ठरवलं, त्याला सोडवल्याशिवाय परतायचं नाही. मग हौसाताई मुलाखतीला गेल्या. कोण म्हणून? तर बहीण म्हणून. सुटकेचा बेत एवढ्याशा कागदावर लिहिलेला, आणि तो कागद त्यांच्या अंबाड्यात. शिपायांनी सगळं बघितलं, अंबाडा बघितला नाही. परतीला रस्त्यानं जायची सोय नव्हती, शिपायांनी तोंड पाहिलेलं होतं. म्हणून रानानं गेल्या, आणि मांडवी नदी मध्यरात्री एका तरंगत्या पेटीवर पालथं पडून ओलांडली. ही बाई पुढं विट्यात राहिली आणि २०२१ साली, पंचाण्णव वर्षांची होऊन गेली.

ही गोष्ट मी दोन कारणांनी सांगतो. एक म्हणजे मुलाखत ही नुसती रडारड नसते. बाहेरची बाई आत जाऊन इतिहास फिरवू शकते. दुसरं म्हणजे, गेटावरच्या वहीत एक रकाना असतो. नातं. तिथं हौसाताईंनी 'बहीण' सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. चळवळीचं नातं रक्ताच्या नात्याच्या रकान्यात बसवलं, एवढंच. हा रकाना ध्यानात ठेवा. पुढं त्याचं काम आहे.

*

आता आपल्याकडं या.

आपल्यातल्या किती माणसांना तुरुंगात जायची गरजच पडली नाही, तुरुंगच त्यांच्या वस्तीला येऊन बसला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्मला तो गुन्हेगार. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' लिहिली, १९५९ साली, आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यात मांगवाड्याची हजेरी आहे. माणसानं स्वतःच्या गावात, स्वतःच्या पायानं जाऊन सांगायचं, मी इथंच आहे, पळालो नाही. पाव्हण्याच्या गावाला जायचं तर परवानगी. सोलापूरला तर तारेचं कुंपण घालून सेटलमेंट केलेली. बायका-पोरं आतच. ज्याची अख्खी भावकीच कुंपणाच्या आत, त्याला बाहेरनं भेटायला येणार कोण? ३१ ऑगस्ट १९५२ ला ती माणसं कायद्यानं मोकळी झाली. म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

आणि भेटीला निघालेल्या पोरांची गोष्ट म्हणाल तर ती आपल्या बाबासाहेबांचीच आहे. १९०१ साल. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार. त्यांना भेटायला साताऱ्याहून ही लहान पोरं नवी कापडं घालून आगगाडीनं निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं जात विचारली. पोरानं खरं सांगितलं. मास्तर पाच पावलं मागं. गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडं, आणि बैलं पोरांनीच हाकायची. रात्रभर पाण्याचा घोट नाही. बाप काही तुरुंगात नव्हता, सरकारी नोकरीत होता. तरी बापाला भेटायच्या वाटेवर जात उभी होती. मसूरचं ते स्टेशन अजून आहे. त्या रुळावरनं पुढं माझी आईपण गेली.

त्याच बाबासाहेबांनी एकतीस वर्षांनी एक मुलाखत केली. जगातली सगळ्यात गाजलेली तुरुंगातली मुलाखत म्हणा. जागा येरवडा तुरुंग, साल १९३२. २० सप्टेंबरला गांधीजींनी आमच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध उपास धरला. २२ तारखेला बाबासाहेब त्यांना भेटायला गेले. आवारात आंब्याचं झाड, त्याखाली खाट. २४ ला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा १४८ मिळाल्या. कराराबद्दल भांडायला तुम्हाला पुष्कळ पुस्तकं मिळतील. मला फक्त एवढंच दाखवायचं आहे. एरवी कैदी लाचार असतो आणि भेटणारा मोकळा. इथं कैद्याच्या खाटेभोवती अख्खा देश उभा होता, आणि मोकळा माणूस एकटा होता. दार उघडं असून बाबासाहेबांना बाहेर पडता येत नव्हतं. म्हणजे तुरुंग भिंतीचा असतो तसा माणसांचाही असतो. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

*

आता माझ्या आयची मुलाखत.

६ डिसेंबर १९६४. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला. मागण्या काय होत्या? पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. किमान वेतन द्या. बौद्ध झालेल्यांच्या सवलती काढून घेऊ नका. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. देशभरातून तीन लाखांहून जास्त माणसं तुरुंगात गेली. बाया पोटाशी लेकरं घेऊन गेल्या. तुरुंग अपुरे पडले. एवढा मोठा सत्याग्रह, पण शाळेच्या पुस्तकात मला त्याची एक ओळ सापडली नाही.

माझा बा त्यात गेला. कृष्णाकाठचं गाव आमचं. चहूकडं ऊस, आमच्या नावावर वीतभर सरी नाही. बा दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजायचा. कपाळाला निळा टिळा लावून गेला, ते महिन्याभराची शिक्षा घेऊनच बसला. तुरुंगाचं नाव मी घेत नाही. आमच्याच भागातला होता, आणि असले सगळे सारखेच होते.

आय एक दिवस म्हणाली, "चल, बाला भेटून यिऊ." मी आठ वर्षांचा, पण अंगानं काडी, म्हणून दमलो की कडेवर घ्यायची. पहाटं निघालो. काही चालत, पुढं लहान गाडीनं. तेव्हा पुणे-मिरज गाडी लहान रुळाची होती. गाडीभाड्याला पैसं कुठनं आलं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

गेटाबाहेर एक लिंबाचं झाड. त्याखाली बायकाच बायका. बाप्ये कमी. ही गोष्ट मी पुढं कैक तुरुंगांबाहेर बघितली. आत बहुतेक पुरुष, बाहेर बहुतेक बाया. आयजवळ फडक्यात चार भाकरी, खर्डा, शेंगाची चटणी.

खिडकीत कारकून.

"नाव?"

आयनं सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"कैद्याची कोण?"

"मालक हाय माझा."

"जात?"

आय म्हणाली, "बुद्ध."

कारकुनानं मान वर केली नाही. "ते न्हवं. जात सांग."

"सांगितली की. बुद्ध."

त्यानं काय लिहिलं ते आयला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. दुसरी-तिसरीत होतो. त्यानं लिहिलं 'महार'. मी आयला सांगितलं नाही. पुढं कैक वर्षं सांगितलं नाही. नवऱ्यानं ज्या मागणीसाठी तुरुंग पत्करला, ती मागणी त्या खिडकीत बायकोच्या तोंडावर खोडली गेली आणि तिला अंगठा उठवायला सांगितला.

मग झडती. सगळ्यांच्या समोर, रांगेत. पदर झटक, फडकं सोड. भाकरी हातानं मोडून बघितल्या आणि म्हणाले, बाहेरचं आत चालत नाही. बघायच्या होत्या तर मोडल्या कशाला? आणि न्यायच्या नव्हत्या तर बघितल्या कशाला?

आत दोन जाळ्या. मधी हातभर वाट, त्यात शिपाई. एका टायमाला आठ-दहा कैदी तिकडं, आठ-दहा घरं इकडं. सगळेच ओरडतायत, म्हणून सगळ्यांनाच ओरडावं लागतंय. बाचं तोंड जाळीच्या चौकटीत तुकडं तुकडं दिसत होतं.

"कसं हायसा?" आय ओरडली.

"बरं हाय. पोरं?"

"झ्याक हाईत."

"शेरडी?"

"हाय की. पाट दिलीया तिनं."

शेरडी आदल्या बाजारी विकली होती. गाडीभाडं तिचंच होतं. बानंपण बरं हाय म्हणून सांगितलं. त्याला ताप होता हे सुटल्यावर कळलं. दोघं एकमेकांशी खोटं बोलले आणि दोघांना ते ठाऊक होतं. मुलाखत म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. शिट्टी वाजली. बानं जाळीतनं एक बोट बाहेर काढलं. माझं बोट तिथवर पोचलं नाही. मधी शिपाई होता.

बाहेर आल्यावर लिंबाखाली आयनं मोडक्या भाकरी सोडल्या. शेजारी एक मांगाची बाई, तिचा दीर आत. तिच्या पलीकडं एक मराठ्याची म्हातारी, लेक भावकीच्या बांधावरनं झालेल्या खुनात आत. आयनं दोघींपुढं तुकडा धरला. मांगाच्या बाईनं घेतला. म्हातारी जरा थांबली, मग तिनंही घेतला. गावात तिनं आयची सावली घेतली नसती. मला वाटलं, झालं, गेली जात. पण परतीच्या गाडीत तीच म्हातारी पदर सावरून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. लिंबाखालची समता लिंबाखालीच राहिली.

*

१९७९ ला माझी पाळी आली. विधिमंडळानं १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. म्हणून पुढच्या वर्षीचा लाँग मार्च. सातारा-सांगलीकडची आम्ही काही पोरं ६ डिसेंबरला औरंगाबादकडं निघालो. पोचायच्या आत उचलले. अकरा दिवस आत होतो.

आतनं मुलाखत कशी असते ते ऐका. सकाळी नावं पुकारतात. ज्याला आशा असते तो पहाटंच अंघोळ करून बसतो. अख्ख्या बराकीत एक धड सदरा असतो, तो ज्याचं नाव येईल त्याच्या अंगात जातो. घरच्यांना वाटलं पाहिजे, पोरगं ठीक आहे. पुकारा सुरू झाला की बराक गप. संपला की ज्यांचं नाव आलं नाही ते भिंतीकडं तोंड करून पडतात. मुलाखतीवरनं परत आलेला माणूस पहिला तासभर बोलत नाही. मग हळूहळू सांगायला लागतो, आणि सांगतो ते सगळ्यांचंच होतं. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, तर सगळी बराक खुश. पण त्या दिवशी रात्री झोप कुणालाच लागत नाही. मार खाल्ल्यानं मोडत नाही ते माणूस मुलाखतीनं मोडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या बराकीत एक पारधी होता. कच्चा कैदी. म्हणजे खटला चाललाय, गुन्हा सिद्ध नाही. त्याचं नाव एकदाही पुकारलं गेलं नव्हतं. मी विचारलं, बायको येत नाही का? तो म्हणाला, "ती आली तर तिलाबी बशिवतील." १९५२ ला कायदा गेला, आणि १९७९ ला त्या बाईची तुरुंगाच्या गेटापुढं उभं राहायची छाती नव्हती. भेटायला येणं हाच तिचा गुन्हा ठरला असता.

नवव्या दिवशी आय आली. एकटी नव्हे, वस्तीतल्या पाच बाया घेऊन. रात्रभर एस्टीनं. या खेपेला भाकरी नव्हत्या. साबण, पोस्टकार्डं, दंतमंजन. १९६४ चा धडा तिनं पंधरा वर्षं सांभाळून ठेवला होता. आणि तिनं बाहेर वाटणीच केली होती. ज्यांच्या घरचं कुणी येऊ शकत नव्हतं त्या पोरांची नावं तिनं आधीच काढून घेतली होती. तू याची मावशी, तू त्याची चुलती, तू त्याची बहीण. त्या दिवशी आमच्यातला एकही पोरगा पुकाऱ्याशिवाय राहिला नाही.

जाळीशी तिनं मला विचारलं, "आत कुणी बिनभेटीचं ऱ्हायलंय का?" मी पारध्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुकाऱ्यात त्याचं नाव आलं. त्याला वाटलं चूक झाली, जागचा उठेना. आम्ही ढकलून पाठवला, अंगात तो धड सदरा घालून. परत आला तेव्हा म्हणाला, "माझी भन आलीवती." आयनं खिडकीत नातं सांगितलं होतं, बहीण. हौसाताईंची गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती.

*

आता कायद्याचं बोलू, कारण पोरांनो, कायदा पाठ असला पाहिजे.

तुरुंगाचा कायदा १८९४ चा, इंग्रजांचा. त्याचं ४१ वं कलम मी पुढं मोठेपणी वाचलं आणि माझे हात थरथरले. भेटायला येणाऱ्याला नाव आणि पत्ता विचारता येतो, असं ते म्हणतं. जात विचारा असं कुठंही म्हणत नाही. संशय असेल तर झडती घ्या, पण दुसऱ्या भेटणाऱ्यासमोर किंवा कैद्यासमोर घेऊ नका, असंही म्हणतं. म्हणजे आयच्या बाबतीत जे झालं ते गोऱ्या साहेबाच्या कायद्यातही बसत नव्हतं. ते त्या खिडकीतल्या माणसाच्या डोक्यातल्या कायद्यातलं होतं.

१९८१ साली सुप्रीम कोर्टानं फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात सांगितलं, घरच्यांना आणि वकिलाला भेटणं हा कैद्याच्या जगण्याच्या हक्कातला भाग आहे. घटनेचं २१ वं कलम. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या अर्जावर, त्याच कोर्टानं तुरुंगातली जातीची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. झाडू अमक्यानं मारायचा, चूल तमक्यानं सांभाळायची, हे नियमांतच लिहिलेलं होतं! कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असा हुकूम झाला. घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाल्यावर. बौद्धांच्या सवलतींची केंद्राकडची मागणी १९९० ला मान्य झाली, तैलचित्रही त्याच साली लागलं. बा तेव्हा नव्हता. आय होती. १९६४ ला वहीत काय लिहिलं होतं ते मी तिला त्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "मला तवाच कळलंतं. त्यो लिवताना हसला हुता."

२०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्ची. चारातली तीन. त्यांच्यात आपली माणसं किती ते वेगळं सांगायला नको. मार्च २०२० मध्ये साथीचं कारण झालं आणि प्रत्यक्ष मुलाखती बंद पडल्या. त्याच वर्षी १४ एप्रिलला, बरोबर भीमजयंतीला, आनंद तेलतुंबडे भीमा कोरेगाव प्रकरणात हजर झाले. 'विद्रोही'चे सुधीर ढवळे त्याच प्रकरणात २०१८ च्या जूनपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत आत होते. नावं असलेल्यांची ही गत. बिननावाच्या पारध्याचं काय झालं असेल?

म्हणून सांगतो. मोर्चाला दोन हजार येतात, घोषणा देतात, फोटो काढतात. पोरगं आत गेलं की पहिल्या आठवड्यात वकील, दुसऱ्यात दोन मित्र, तिसऱ्यात फक्त आई. चौथ्या आठवड्यात तिच्याकडची शेरडी संपलेली असते. तालुक्याला एक वही करा. आत कोण आहे, भेटायला कोण जातंय, गाडीभाडं कोण देतंय. तारखा लावून वाटणी करा. आणि आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडं जाऊन बसा. १९६४ ला, १९७९ ला तुम्ही गेटावर गेला होता का, काय विचारलं, काय नेलं होतं, एवढंच विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तुरुंगाच्या वहीत त्यांचा अंगठा आहे. आपल्या वहीत त्यांचं बोलणं असू द्या.

माझी आय आता नाही. तिच्या ट्रंकेत वरच्या कापडाखाली एक कोरं पोस्टकार्ड सापडलं, १९७९ चं. उरलेलं असावं. पुढच्या खेपेला लागंल म्हणून ठेवलेलं.

जय भीम.